खान्देशात बसून एकट्याने मोबाइल गेम काढायचा तर

माझा पहिला गेम पूर्ण व्हायला दीड वर्ष लागलं. चाळीसगावच्या घराची माडी, दिवसा कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचं आणि रात्री कोड लिहायचा. तीस लेव्हल, स्वतः काढलेली चित्रं, मित्राने बासरीवर वाजवलेलं संगीत. प्ले स्टोअरवर टाकल्यावर पहिल्या आठवड्यात जी डाउनलोड आली, ती जवळजवळ सगळी नातेवाइकांची आणि क्लासमधल्या पोरांची होती. पुढच्या महिन्यात आलेख जमिनीला टेकला तो टेकलाच.

मग एकदा स्टँडवर धुळ्याच्या गाडीची वाट बघत होतो. शेजारच्या पोराने माझ्या फोनमध्ये डोकावून विचारलं, "कोणता गेम शे भो?" मी फोन त्याच्या हातात दिला. पहिल्या लेव्हलमध्ये झाडावर नुसतं टॅप करायचं होतं. तो चाळीसेक सेकंद झाड ओढत राहिला. फोन परत देताना "भारी शे" म्हणाला आणि स्वतःच्या फोनवर रील बघायला लागला. दीड वर्षात त्या गेमला हात लावणारा तो पहिला अनोळखी माणूस होता.

गेम बुडतात त्याची कारणं पुष्कळ सांगितली जातात: स्पर्धा, पैसा, जाहिरात, नशीब. ती खरीही आहेत. पण एकट्याने काम करणाऱ्याचं सगळ्यात मोठं नुकसान होतं ते अनोळखी माणसाच्या हातात गेम फार उशिरा गेल्यामुळे. पुढच्या सगळ्या पायऱ्या मी हे डोळ्यांसमोर ठेवूनच लावल्या आहेत.

आधी महिने मोजा

कोड उघडण्याआधी एका कागदावर लिहा: घरात पैसे न देता किंवा कमी देऊन आपण किती महिने काढू शकतो? पुण्यात खोलीचं भाडं आणि मेसचं बिल भरत गेम करणाऱ्यापेक्षा जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या पोराला इथे मोठी सवलत आहे. घर आपलं, जेवण घरचं. त्याच सवलतीमुळे आपण रेंगाळतोही. कुणी भाडं मागत नाही, म्हणून लेव्हल वाढत जातात.

पहिल्या गेमला तीन महिने द्या, त्याहून जास्त नको. त्यात पहिला महिना खेळण्याजोगा नमुना, दुसरा सुधारणा, तिसरा चाचणी आणि स्टोअरची कागदपत्रं. तीन महिन्यांत बसत नसेल तर कल्पना कापा, मुदत वाढवू नका. अँग्री बर्ड्स २००९ च्या डिसेंबरमध्ये आला, तो फिनलंडच्या रोव्हिओ कंपनीचा बावन्नावा गेम होता. सगळी शिदोरी एकाच गेमवर संपवू नका, हे सांगताना मी प्रत्येक वेळी त्यांचाच दाखला देतो.

खर्च थोडाच आहे. प्ले स्टोअरच्या डेव्हलपर खात्याला एकदाच २५ डॉलर लागतात. अॅपलकडे दर वर्षी ९९ डॉलर, शिवाय मॅक लागतो. आपल्या भागात ज्यांच्या हातात गेम द्यायचा आहे त्यांच्याकडे अँड्रॉइड आहे, तेव्हा आयफोनचा विचार पहिला गेम चालला तरच करा.

इंजिन, म्हणजे गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर, कोणतं घ्यायचं यावर पोरं आठवडे घालवतात. टू-डी गेम असेल तर गोडो घ्या. ते मोफत आहे, त्याचा परवाना खुला आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. युनिटी येत असेल तर तेच ठेवा, पण परवान्याच्या अटी वाचा. युनिटीने सप्टेंबर २०२३ मध्ये इन्स्टॉलच्या संख्येवर शुल्क लावायचं जाहीर केलं, तेव्हा जगभरचे छोटे डेव्हलपर हादरले होते. वर्षभराने ते शुल्क मागे घेतलं गेलं. आपल्या धंद्याचा पाया दुसऱ्याच्या जमिनीवर आहे, हे तेव्हा लक्षात आलं. आणि कोड पहिल्या दिवसापासून गिटवर (कोडमधला प्रत्येक बदल जपून ठेवणारी व्यवस्था) ठेवा, त्याची प्रत ऑनलाइन असू द्या. लाइट गेली, हार्डडिस्क बसली, तरी काम जाता कामा नये.

दोन आठवड्यांत चौकोन आणि गोल

चित्रं काढू नका. रंगीत चौकोन, गोल आणि एकच क्रिया: टॅप, ओढणं किंवा फोन तिरका करणं. एवढ्यावर पाच मिनिटं मजा येत नसेल तर सुंदर चित्रांनी ती येणार नाही. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, झोक्यावर गेम करायची कल्पना माझ्याकडे एक विद्यार्थिनी घेऊन आली होती. निंबाचं झाड, माहेरी आलेल्या पोरी, गाणी, सगळं तिच्या डोक्यात तयार होतं. मी तिला म्हटलं, आधी काळ्या पडद्यावर एक दोरी आणि एक ठिपका हलव. झोका वर गेला की बोट सोडायचं, एवढंच. चौथ्या दिवशी ती दाखवायला आली तेव्हा मला फोन परत द्यावासा वाटेना. त्यानंतर तिने निंबाचं झाड काढलं.

नवा नियम शिकवावा लागणं ही मोठी अडचण असते. २०१६ साली नवी मुंबईतल्या कंपनीने काढलेला लुडो किंग लॉकडाऊनमध्ये घराघरांत खेळला गेला. लुडो कुणालाच शिकवावा लागला नाही, हे त्याचं मोठं बळ होतं. आता लुडो, कॅरम, रमी यांची गर्दी इतकी आहे की तिथे एकट्याने शिरू नये. पण हाताला आधीच माहीत असलेली हालचाल शोधा: गोफण फिरवणं, झोका घेणं, पतंगाची ढील, केळीचा घड तोल सांभाळून डोक्यावर नेणं.

आखाजीला पत्ते खेळायची आपल्याकडे जुनी रीत आहे, त्यामुळे पैसे लावायच्या पत्त्यांच्या गेमची कल्पना हमखास कुणीतरी मांडतो. त्या वाटेला जाऊ नका. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर देशभर बंदी आली आहे.

स्टँडवरची चाचणी

चौकोन-गोलाचा नमुना झाला की तो फोनमध्ये टाका आणि घराबाहेर पडा. एसटी स्टँड, रेल्वेचा प्लॅटफॉर्म, कॉलेजचं कँटीन, सलूनमधला बाक. जिथे माणूस वाट बघत बसलेला असतो अशी कुठलीही जागा चालते, कारण मोबाइल गेम खरा खेळला जातो तो अशाच वेळी.

पद्धत अशी. "दादा, एक गेम करतोय, दोन मिनिटं खेळून बघता का?" एवढंच विचारायचं आणि फोन द्यायचा. मग गप्प बसायचं. हे फार जड जातं. समोरचा चुकीच्या जागी बोट लावत असतो आणि आपल्या तोंडाशी "इथे दाबा" आलेलं असतं. ते गिळा. प्ले स्टोअरवरून गेम उतरवणाऱ्याच्या शेजारी तुम्ही बसलेले नसणार.

वहीत प्रत्येक माणसाच्या तीनच गोष्टी लिहा. पहिलं बोट कुठे गेलं? फोनवरून नजर पहिल्यांदा कधी उठली? हरल्यावर त्याने आपणहून परत सुरू केलं का? तिसऱ्याचं उत्तर मी सगळ्यात महत्त्वाचं मानतो. हरल्यावर जीभ चावून लगेच पुन्हा खेळणारा माणूस दिसला की गेममध्ये जीव आहे.

"आवडला का?" हे विचारूच नका. आपली माणसं भिडस्त आहेत. समोर बसलेल्या पोराला कुणी वाईट म्हणणार नाही, सगळे "भारी शे" म्हणतील. त्याऐवजी दोन मिनिटांनी फोन परत घ्यायला हात पुढे करा. त्याने फोन देताना किती वेळ लावला ते बघा.

एका दिवसात आठ-दहा माणसं पुरतात. पहिल्या पाचांतले तिघे एकाच जागी अडकले की घरी या आणि तेवढंच दुरुस्त करा. माझ्या दुसऱ्या गेममध्ये अशा सहा फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत मी सूचनांचे चार पडदे ठेवले होते. ते कुणीही वाचले नाहीत, सगळे "पुढे, पुढे" दाबत गेले. सहाव्या फेरीत एकही सूचना उरली नव्हती. पहिली दहा सेकंदं चुकणं शक्यच नाही अशी रचना केली आणि खेळणारा आपोआप शिकला.

माणसं निवडताना फक्त कॉलेजची पोरं घेऊ नका. केळीची गाडी भरेपर्यंत रावेरला थांबलेला ड्रायव्हर, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या काकू, शाळेतून घरी निघालेला मुलगा (त्याच्या पालकांना विचारून). काकूंच्या अंगठ्याला जे बटण सापडत नाही, ते लहानच आहे.

स्टँडवर अजून एक गोष्ट कळते, ती घरात कळत नाही: ऊन. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. तापलेला फोन स्वतःचा वेग कमी करतो आणि स्क्रीनही मंद करतो. घरातल्या पंख्याखाली लोण्यासारखा चालणारा गेम तिथे अडखळतो. करडे आणि फिके रंग उन्हात दिसतच नाहीत. म्हणून कमी रॅमचा एक जुना, स्वस्त फोन विकत घ्या आणि तोच चाचणीचा मुख्य फोन माना. साध्या गेमला सेकंदाला तीस फ्रेम पुरतात. त्याने फोन कमी तापतो, बॅटरीही टिकते. चित्रं आणि आवाज दाबून गेमचा आकार जितका लहान करता येईल तितका करा. फोन भरला की लग्नाचे फोटो कुणी काढून टाकत नाही, आधी गेम जातो.

देवनागरी आणि अहिराणी

युनिटीत अक्षरं दाखवायला नेहमी वापरतात त्या टेक्स्टमेश प्रोमध्ये मराठी मजकूर टाकला की 'कि' ची वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरं सुटी होतात. ज्यांना मराठी वाचता येत नाही अशा परीक्षकांच्या हे लक्षात येत नाही, पण आपल्या वाचकाला पहिल्या क्षणी खटकतं. गोडोच्या चौथ्या आवृत्तीत अक्षरजुळणी नीट होते. युनिटीत असाल तर ठरावीक शब्दांची चित्रं करून वापरा किंवा अक्षरजुळणी करणारं प्लगइन घ्या. फाँटसाठी 'एक टाइप' या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बालू' हे फाँट खुल्या परवान्याचे आहेत, गेममध्ये वापरायला मोकळे.

मजकूर जितका कमी तितकं बरं. गेम शब्दांशिवाय कळला पाहिजे. मग स्टोअरचं पान मराठी, हिंदी आणि इंग्रजी तिन्हींत लिहा. मराठी शोधणाऱ्यासाठी तिथे फार कमी गेम आहेत. अहिराणीचा उपयोग आवाजात करा. हरल्यावर आजीच्या आवाजात एक वाक्य, जिंकल्यावर दुसरं. श्रावणातल्या कानबाईच्या सणाची, आखाजीची गाणी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेल्या भागात आवाजाची ताकद वेगळी सांगायला नको. मात्र कुणाचं रेकॉर्ड केलेलं गाणं परवानगीशिवाय उचलू नका. आपल्याच घरातल्या माणसाकडून म्हणवून घ्या आणि त्यांची लेखी संमती ठेवा.

बारा माणसं, चौदा दिवस

१३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या प्ले स्टोअरच्या वैयक्तिक डेव्हलपर खात्यांना गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी बंद, म्हणजे निवडक माणसांपुरती, चाचणी घ्यावी लागते. किमान १२ परीक्षक, सलग १४ दिवस. आधी ही संख्या २० होती, डिसेंबर २०२४ मध्ये ती कमी झाली. पुष्कळ जण इथे अडतात आणि "तू माझा कर, मी तुझा करतो" अशा अदलाबदलीच्या ग्रुपमध्ये जातात. तिथले लोक गेम उघडत नाहीत. पुढे गूगल अर्जात विचारतं की परीक्षक कसे मिळवले, त्यांनी काय सांगितलं, तुम्ही काय बदललं. स्टँडवरची वही इथे कामाला येते.

बारा हवेत म्हणून वीस-पंचवीस माणसं धरा, कारण चार जण तरी मधेच सोडतात. प्रत्येकाचा त्याच्या फोनमधल्या प्ले स्टोअरला जोडलेलाच ईमेल घ्या. दोन जीमेल असलेल्यांचा हमखास घोळ होतो. लिंक पाठवून भागत नाही, शेजारी बसून "परीक्षक व्हा" हे बटण दाबून घ्या. दर दोन-तीन दिवसांनी नवी आवृत्ती टाका, म्हणजे गेम उघडायला त्यांना कारण मिळतं.

संस्थेच्या नावाने खातं काढलं तर ही चाचणीची अट नाही, पण त्याला नोंदणीकृत व्यवसाय आणि डी-यू-एन-एस क्रमांक (व्यवसायाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) लागतो. वैयक्तिक खात्यातून पैसे कमवायला लागलात की तुमचा पूर्ण पत्ता स्टोअरवर दिसतो, हेही घरच्यांना आधी सांगा.

बाकी कागदपत्रं एका दुपारची आहेत: गोपनीयता धोरणाचं पान, डेटा सुरक्षेचा फॉर्म, वयोगटाची प्रश्नावली. जाहिरातीचं एसडीके (गेममध्ये जोडायचा जाहिरात कंपनीचा तयार कोड) वापरत असाल तर ते कोणता डेटा घेतं हे फॉर्ममध्ये खरं लिहा. इंजिन अद्ययावत ठेवा. गेम अँड्रॉइडच्या किती नव्या आवृत्तीसाठी बनवलेला हवा, ती किमान पातळी दर वर्षी ऑगस्टअखेर वर सरकते, आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ वा त्यापुढच्या पातळीसाठी बनवलेल्या गेमला १६ केबी मेमरी पेजची (फोन मेमरी ज्या तुकड्यांत वापरतो त्यांच्या आकाराची) अटही लागू झाली.

दुकानाची पाटी

स्टोअरच्या पानावर नावाला जास्तीत जास्त ३० अक्षरं, छोट्या वर्णनाला ८०. आयकॉन ५१२ बाय ५१२ चा, पण बघणाऱ्याला तो नखाएवढा दिसतो. आयकॉन तयार झाला की स्वतःच्या फोनवर व्हॉट्सअॅप आणि यूट्यूबच्या मधे ठेवा आणि हातभर अंतरावरून बघा. एक चेहरा किंवा एक वस्तू, एक ठळक रंग. स्क्रीनशॉटमध्ये मेनू दाखवू नका, ऐन खेळातला क्षण दाखवा. प्ले कन्सोलमध्ये (डेव्हलपर आपला गेम जिथून सांभाळतो ती गूगलची साइट) दोन आयकॉनची तुलना मोफत करून बघता येते, ती करा. मात्र पानावर पुरेशी माणसं यायला लागेपर्यंत तिच्या निकालावर विसंबू नका.

माणसं येणार कुठून

मोठ्या कंपन्या प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे मोजतात, कारण एका खेळाडूकडून त्यांना त्याहून जास्त मिळतात. तुमचं ते गणित जमेपर्यंत जाहिरातींवर खर्च करू नका. मी पाच हजार घालवले. डाउनलोड आली, पण दुसऱ्या दिवशी कुणी परतलं नाही.

कुणी हनोईच्या डाँग न्यूयेनचं उदाहरण देतं. त्याचा फ्लॅपी बर्ड मे २०१३ मध्ये आला, काही महिने कुणाच्या लक्षात आला नाही आणि जानेवारी २०१४ मध्ये जगभर पसरला. पुढच्याच महिन्यात त्याने तो स्वतः काढून टाकला. अशी लाट कुणाला ठरवून आणता येत नाही, म्हणून योजना तिच्यावर आखू नका.

आखता येतं ते वेगळं आहे. खेळातला एकच थरारक क्षण, पंधरा सेकंदांचा उभा व्हिडिओ, आठवड्याला दोन. गेम निघण्याआधी दोन महिने सुरुवात करा. अहिराणीत विनोदी व्हिडिओ करणारी, गाणी काढणारी पोरं आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यांना गेम खेळायला द्या, त्यांच्या आवाजातलं वाक्य गेममध्ये घ्या, श्रेय आणि ठरलेले पैसे द्या. आपला आवाज असलेला गेम माणूस न सांगता पसरवतो. जमलं तर वेबवर चालणारी आवृत्ती इच डॉट आयओ या छोट्या गेमच्या साइटवर ठेवा. तिथे जगभरचे डेव्हलपर खेळतात आणि स्पष्ट बोलतात.

पैसे

आपल्याकडचा खेळाडू गेममध्ये सहसा पैसे भरत नाही, जाहिरात बघतो. भारतातल्या जाहिरातीचा दर अमेरिकेपेक्षा फार कमी असतो. समजा हजार जाहिरातींमागे पन्नास रुपये मिळाले, रोज हजार माणसं खेळली आणि प्रत्येकाने तीन जाहिराती पाहिल्या. दिवसाला दीडशे रुपये, महिन्याला साडेचार हजार. हे गणित मी प्रत्येक विद्यार्थ्याकडून फळ्यावर सोडवून घेतो. रोज हजार माणसं परत येणं हीच केवढी मोठी गोष्ट आहे! म्हणूनच गेम शब्दांशिवाय कळायला हवा, म्हणजे ब्राझील किंवा अमेरिकेतला माणूसही तो खेळू शकेल.

जाहिरात खेळाडूने स्वतः निवडायची ठेवा: एक जीव परत हवा तर बघ. हरल्या हरल्या तोंडावर आदळणारी जाहिरात मला स्टँडवर लगेच दिसली. माणूस फोन खाली ठेवतो. "जाहिराती बंद" अशी छोटी खरेदी ठेवा, यूपीआयमुळे ती आता सोपी झाली आहे. प्ले स्टोअर वर्षाच्या पहिल्या दहा लाख डॉलरवर १५ टक्के कापतं.

चाचणी करताना खऱ्या जाहिराती लावू नका, चाचणीचे कोड वापरा. स्वतःच्या जाहिरातीवर स्वतः किंवा मित्रांनी क्लिक केलं तर खातं बंद होऊ शकतं. अॅडमॉब या गूगलच्या जाहिरात सेवेत १० डॉलर जमले की पत्ता पडताळणीचा पिन पोस्टाने येतो आणि पैसे १०० डॉलरच्या पुढे निघतात. मी पत्त्यात गल्लीचं जुनं नाव लिहिलं होतं, त्यामुळे पहिलं पत्र पोहोचलं नाही. पत्ता पोस्टमनला कळेल असा लिहा, पिनकोड तपासा, आणि एकदा पोस्टात जाऊन सांगून ठेवा. अमेरिकेच्या कराचा फॉर्मही भरावा लागतो. परदेशातून आलेल्या कमाईचं प्राप्तिकर आणि जीएसटीत काय होतं, हे पहिली रक्कम येण्याआधीच सीएला विचारा.

निघाल्यावर

पहिल्या महिन्यात दोनच आकडे बघा. आज आलेल्या शंभरांतले उद्या किती परतले आणि आठवड्याने किती. दुसऱ्या दिवशी चाळीस, सातव्या दिवशी वीस असा जुना ठोकताळा या धंद्यात सांगितला जातो. तो अवघड आहे, पण दुसऱ्या दिवशी दहासुद्धा नसतील तर नव्या लेव्हल करत बसू नका, पहिली दोन मिनिटं पुन्हा स्टँडवर न्या. मग क्रॅश बघा. वापरणाऱ्याला जाणवणारे क्रॅश १.०९ टक्के आणि अडकणं ०.४७ टक्के या मर्यादेपुढे गेलं की प्ले स्टोअर गेम कमी दाखवू शकतं.

गेम चालला तर नक्कल येणार. फेब्रुवारी २०१४ मध्ये थ्रीज हा अंकांचा गेम आला, त्याच्या कर्त्यांनी त्यावर वर्षाहून जास्त काळ घालवला होता. पुढच्याच महिन्यात तशाच धर्तीचा २०४८ मोफत आला आणि जगाने तोच लक्षात ठेवला. चित्रं, आवाज किंवा नाव उचललं असेल तर गूगलकडे तक्रार करता येते. नुसती कल्पना उचलली तर फारसं काही करता येत नाही. आजीचा अहिराणी आवाज मात्र कुणाला सहज उचलता येणार नाही.

थांबायचं कधी, ते गेम निघण्याआधी लिहून ठेवा. मी लिहितो: तीन अपडेट, दोन महिने. तेवढ्यात परतणाऱ्यांचा आकडा हलला नाही तर पुढचा नमुना सुरू.

आणि अपडेट नेहमी टप्प्याटप्प्याने सोडा, आधी दहा टक्के लोकांना. दुसऱ्या गेमचं एक अपडेट मी कानबाईच्या आदल्या संध्याकाळी सोडलं. सकाळी घर पाहुण्यांनी भरलेलं, आत नैवेद्याच्या रोटांची गडबड, आणि फोनवर एकामागून एक एक-तारा रिव्ह्यू. एका जातीच्या प्रोसेसरवर गेम उघडताच बंद पडत होता. दहा टक्क्यांवरच होतं म्हणून मोबाइलच्या ब्राउझरवरून प्ले कन्सोल उघडून वितरण थांबवता आलं. विसर्जन झाल्यावर रात्री चूक सापडली, दुसऱ्या दिवशी दुपारी नवी आवृत्ती गेली. ज्यांनी एक तारा दिला होता त्यांना प्रत्येकाला मराठीत उत्तर लिहिलं. त्यातल्या काहींनी तारे वाढवले.